जुन्या डेस्कटॉपमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड: डिस्प्ले नेमका कुठे अडतोय?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याजवळच्या धायरीतल्या, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाकडे घरचा जुना पीसी आहे: आय५-३४७० प्रोसेसर, एच६१ मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, विंडोज १० आणि कॅबिनेटबरोबर आलेला ‘४५० वॅट’चा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. त्यात त्याने नवं आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबीवालं, बसवलं. कार्डाचे पंखे फिरतात, पण पडदा काळाच. कार्ड काढून बोर्डाच्या व्हीजीए पोर्टला केबल लावली की सगळं नीट चालतं. मॉनिटर साडेअठरा इंची, फक्त व्हीजीएवाला, म्हणून मध्ये एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर लावलाय. एसएमपीएसला कार्डाची आठ पिनांची वायर नाही, म्हणून दुकानदाराने दोन मोलेक्सपासून (जुन्या हार्डडिस्कच्या चार पिनांच्या प्लगपासून) आठ पिना करणारा जोड दिलाय. आता तोच दुकानदार म्हणतो, बोर्ड गेलाय, बदला. ‘दादा, बोर्ड बदलू की कार्ड परत देऊ?’

अजून दोन्ही नको. कार्ड काढल्यावर ज्या बोर्डावर विंडोज सुरळीत चालू होतं, तो बोर्ड ‘गेलेला’ नसतो. फार तर त्याचं या कार्डाशी जमत नसेल, आणि ती वेगळी गोष्ट आहे. शिवाय बदलून घेणार काय? तुझ्या प्रोसेसरला बसणारे नवे बोर्ड बाजारात मिळतात, पण तेही बहुतेक एच६१चेच. पैसे जातील आणि तोच प्रश्न नव्या खोक्यात घरी येईल.

‘डिस्प्ले येत नाही’ या तीन शब्दांत निदान चार वेगळे बिघाड बसतात. वीज पुरत नाही, बायोसला (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामला) कार्ड उमगत नाही, चित्र तयार होतंय पण मॉनिटरपर्यंत पोचत नाही, किंवा विंडोजपर्यंत सगळं ठीक आणि ड्रायव्हर घातल्यावर घोळ. या चारांपैकी कोणता, हे पार्ट बदलून शोधायचं नसतं. मशीन कोणत्या क्षणी अडतंय ते बघायचं. तेवढं कळलं की संशयित निम्म्याहून कमी उरतात, आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

म्हणून पहिलं काम. कार्ड बसवलेलं असताना पीसी चालू कर, दोनेक मिनिटं थांब आणि कीबोर्डवरचं नम लॉक दाब. दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर मशीन जिवंत आहे, आत काहीतरी चाललंय, फक्त तुला दिसत नाहीये. दिवा ढिम्म असेल तर मशीन बायोसच्या टप्प्यावरच अडकलंय. आणखी एक खूण: पीसी लॅन केबलने जोडलेला असेल तर मोबाइलवर राउटरचं पान उघडून जोडलेल्या उपकरणांची यादी बघ. त्यात पीसीचं नाव आलं, तर विंडोज पूर्ण चालू झालंय असं समज. एनीडेस्कसारखं काही आधीच टाकून ठेवलं असेल तर मोबाइलवरून थेट आतच शिरता येईल, आणि मग अर्धी लढाई जिंकल्यात जमा.

पंख्यांवर मात्र अजिबात विश्वास ठेवू नकोस. कार्डाचा पंखा स्लॉटमधून येणाऱ्या विजेवरही फिरू शकतो. चिप जागी झाली आहे याचा तो पुरावा नाही. उलट आजकालची बरीच कार्डं थंड असताना पंखे मुद्दाम बंद ठेवतात, त्यामुळे पंखा थांबलाय म्हणजे कार्ड मेलं असंही नाही.

नम लॉक चालत असेल, तर मला सगळ्यात आधी तुझ्या त्या कन्व्हर्टरचा संशय आहे. हा प्रकार पुण्यात फार दिसतो, कारण २०१०-१२ च्या सुमारास घेतलेले व्हीजीए मॉनिटर अजून घरोघरी ठणठणीत आहेत आणि नव्या कार्डांवर व्हीजीए सिग्नलच निघत नाही. एनव्हिडियाने जीटीएक्स १०८० च्या पिढीपासून डीव्हीआय पोर्टातला अॅनालॉग भागही काढून टाकला. त्यामुळे तुला सिग्नल रूपांतरित करणारा, आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतोच. नुसती पिनांची जुळवाजुळव करणारी साधी केबल चालत नाही, आणि बाजारात तसल्याही विकतात. चिप असलेले स्वस्त कन्व्हर्टरसुद्धा कधी विंडोजमध्ये चालतात आणि बायोसच्या पडद्याला मात्र नांगी टाकतात. यावर उपाय घरातच आहे. कार्डाची एचडीएमआय केबल थेट हॉलमधल्या टीव्हीला लाव. टीव्हीवर योग्य इनपुट निवड. हे सांगावं लागतं, कारण एचडीएमआय १ आणि २ मधला गोंधळ निस्तरायला लोक पीसी उचलून दुकानात आणतात. कार्डावर एकापेक्षा जास्त पोर्ट असतील तर प्रत्येकावर बघ. सुरुवातीचं चित्र कधी एकाच पोर्टावर येतं. आणि हे सगळं करताना मॉनिटरची केबल कार्डाला लावलीयेस, बोर्डाच्या पोर्टाला नाही, याची खात्री कर. तू ते केलं असशीलच. पण दुरुस्तीला येणाऱ्या ‘नो डिस्प्ले’ तक्रारींपैकी बऱ्याच याच एका केबलवर मिटतात, म्हणून लिहिलं.

टीव्हीवर चित्र आलं तर इथेच थांब. बरा कन्व्हर्टर घे, नाहीतर सेकंडहँड एचडीएमआय मॉनिटर बघ, आणि बोर्ड बदलायचं डोक्यातून काढून टाक.

टीव्हीवरही काही नाही आणि नम लॉकही ढिम्म, असं असेल तर पाळी विजेची. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते तुझ्या सेटअपमधला खरा धोका हाच आहे. आज कार्ड चालू झालं तरीही.

हिशेब बघ. पीसीआय एक्सप्रेस स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. सहा पिनांचा कनेक्टर आणखी ७५, आठ पिनांचा १५०. तुझ्या ३०५० ची गरज १३० वॅट, म्हणजे स्लॉट एकटा पुरणार नाही. प्रोसेसरचा कागदावरचा आकडा ७७ वॅट. बोर्ड, रॅम, हार्डडिस्क, पंखे धरले तर भर लोडवर अडीचशे-पावणेतीनशे वॅटच्या घरात जाशील. मग ४५० वॅट भरपूर झाले, असं वाटेल. पण आता एसएमपीएसच्या बाजूचा स्टिकर वाच. ‘४५०’ हा आकडा सोड आणि +१२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते बघ. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जवळजवळ सगळी वीज त्या १२ व्होल्टमधूनच खातात. तिथे १६ अँपिअर लिहिलं असेल तर १६ गुणिले १२, म्हणजे फक्त १९२ वॅट झाले. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनींवर दाखवलेले असतात, ज्यांचं आजच्या पीसीत फारसं काम नाही. घरातल्या तिघांचे पगार एकत्र सांगून एकाच्या नावावर कर्ज मागावं, तसा हा प्रकार आहे. त्यातून स्टिकरवरचा अँपिअरचा आकडाही खरा असेलच असं नाही, आणि दहा-बारा वर्षांत आतले कपॅसिटर सुकलेले असतात ते वेगळंच. या कार्डासाठी एनव्हिडिया ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. त्यात सुरक्षिततेचा थोडा हात राखलेला असतो. चांगल्या कंपनीचा खरा ४५० वॅटचा एसएमपीएस तुझ्या मशीनला पुरेल. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला पुरेल असं मी म्हणणार नाही.

आणि तो मोलेक्सचा जोड. एक गोष्ट आत्ता बघ: त्याची दोन्ही टोकं एसएमपीएसमधून निघालेल्या एकाच वायरीवर, एकापाठोपाठच्या दोन प्लगना लावली आहेत का? दोन टोकं देण्यामागे भार दोन वायरींत वाटला जावा हा हेतू असतो. एकाच माळेवर लावली तर सगळा प्रवाह पुन्हा त्याच एका पिवळ्या वायरीतून जातो. निदान दोन वेगळ्या वायरींवर तरी लाव. साटापासून (हार्डडिस्कच्या चपट्या पॉवर प्लगपासून) सहा किंवा आठ पिना करणारे जोड मिळतात ते तर घेऊच नकोस. साटा पॉवर प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे सगळे मिळून ५४ वॅट. त्यावर सहा पिनांचे ७५ वॅट लादले तर प्लास्टिक वितळतं. वितळलेले प्लग मी पाहिलेत. वास आठवडाभर जात नाही.

पुढे नवा एसएमपीएस घेशील तेव्हा आठ पिनांच्या दोन वायरी दिसतील: एक प्रोसेसरची, चार अधिक चार अशी तुटणारी, आणि एक कार्डाची, सहा अधिक दोन अशी. दिसायला जुळ्या बहिणी, पण त्यांतलं पॉझिटिव्ह आणि ग्राउंड उलटसुलट असतं. खाचा वेगळ्या असल्यामुळे चुकीची सहज बसत नाही, पण जोर लावून बसवणारे भेटतात. प्लगवर काय छापलंय ते वाचून लाव. मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या होणारा, एसएमपीएस असेल तर दुसऱ्या कंपनीच्या केबली त्याला लावू नकोस. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येकाची निराळी.

वीज कमी पडतेय की नाही हे पैसे न घालता तपासायचं तर मित्राच्या पीसीतला बरा एसएमपीएस तासाभरासाठी उसना आण. कॅबिनेटमध्ये बसवायचीही गरज नाही. शेजारी टेबलावर ठेवून वायरी लावल्या तरी चालतं. कुणाकडे मल्टीमीटर असेल तर मोलेक्सच्या पिवळ्या-काळ्या वायरींवर मोज: ११.४ ते १२.६ व्होल्टच्या बाहेर आकडा जाता कामा नये. नुसतं चालू करून मोजण्यात अर्थ नाही. कार्डावर लोड असताना मोजलं तरच खरं चित्र कळतं, त्यामुळे ही तपासणी डिस्प्ले आल्यानंतरची.

वीज ठीक, केबल ठीक, तरी काळोख. मग बायोस. जुना पीसी आणि नवं कार्ड या जोडीतली मूळ कटकट इथली आहे.

मशीन चालू झाल्यावर पहिलं चित्र काढण्यासाठी कार्डावरच एक छोटा प्रोग्राम साठवलेला असतो. जुने बायोस हा प्रोग्राम जुन्या पद्धतीने चालवतात आणि यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पिढी, नव्या पद्धतीने. २०११-१२ चा काळ नेमका सांध्यावरचा. त्या वेळच्या एच६१ बोर्डांत काहींवर निळ्या पडद्याचा जुना बायोस आहे, काहींवर माउसने चालणारं यूईएफआय आहे, पण तेही बाल्यावस्थेतलं. अशा बोर्डाला पाच-दहा वर्षांनंतरचं कार्ड दिलं की कधी दोघांचं जमतं, कधी नाही. हा प्रश्न फक्त तुझ्यापुरता नाही. आरटीएक्स ४०६० आणि ४०६० टीआय काही मशीनांवर रिबूटनंतर काळा पडदा दाखवत होती, तेव्हा एनव्हिडियाला कार्डाचं फर्मवेअर बदलणारं वेगळं टूल काढावं लागलं होतं. त्याआधी २०१८ मध्ये नव्या डिस्प्लेपोर्ट मॉनिटरांसोबत जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेच्या कार्डांसाठीही असंच एक टूल आलं होतं.

तुझं कार्ड काढून बोर्डाच्या डिस्प्लेवर विंडोज चालू कर. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘एमएसइन्फो३२’ टाइप कर. तिथे बायोस मोडसमोर लेगसी (जुनी पद्धत) लिहिलंय की यूईएफआय ते बघ, आणि बोर्डाचं मॉडेल, बायोसची तारीखही टिपून ठेव. मग बायोसमध्ये जा. पहिला डिस्प्ले कोणता, अशा अर्थाची एक सेटिंग असते. नाव बोर्डागणिक बदलतं, प्रायमरी डिस्प्ले किंवा इनिट डिस्प्ले फर्स्ट असं काहीतरी. ती पीईजी किंवा पीसीआयई, म्हणजे कार्डाच्या स्लॉटवर ठेव. त्याच भागात बोर्डावरचा डिस्प्ले कार्ड असतानाही चालू ठेवण्याची सोय असेल, काही बोर्डांवर तिला आयजीपीयू मल्टी-मॉनिटर म्हणतात, तर ती चालू कर. ही सेटिंग मला सर्वांत जास्त उपयोगी पडते. का ते सांगतो.

ती चालू करून कार्ड बसव, पण मॉनिटर बोर्डाच्या व्हीजीएलाच राहू दे. पहिला डिस्प्लेही तेवढ्यापुरता बोर्डाचाच, म्हणजे आयजीएफएक्स किंवा ऑनबोर्ड ठेव. आता विंडोज बोर्डाच्या डिस्प्लेवर उघडेल आणि कार्ड मागे गप्प बसलेलं असेल. डिव्हाइस मॅनेजर उघड. तिथे कार्डाचं नाव किंवा निदान एखादं अनोळखी डिस्प्ले अॅडॉप्टर दिसलं, तर कार्ड स्लॉटमध्ये नीट बसलंय, त्याला वीज मिळतेय आणि ते बोर्डाशी बोलतंय. ड्रायव्हर टाक, रिस्टार्ट कर, टीव्ही कार्डाला जोड. विंडोज सुरू झाल्यावर टीव्हीवर चित्र आलं तर निदान पक्कं: कार्ड चांगलं, बोर्ड चांगला, फक्त बायोसला सुरुवातीचं चित्र काढता येत नाही. अशी मशीनं लोक वर्षानुवर्षं वापरतात. पीसी चालू केल्यावर लोगो दिसत नाही, थेट विंडोजच दिसतं. बायोसमध्ये जायचं असेल तेव्हा केबल बोर्डाला लावायची, झालं. गैरसोय आहे, पण बोर्ड बदलण्याइतकी नाही.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये काहीच दिसत नसेल तर कार्ड काढून स्लॉट बघ. तो दहा वर्षं रिकामा होता. आत धूळ आणि पुण्याच्या चार महिन्यांच्या पावसाळ्याची ओल मुरलेली असणार. पॉवर केबल काढून ब्रशने झाड. कार्डाच्या सोनेरी पट्टीला खोडरबर घासायची आपल्याकडे रीत आहे. रॅमला मीही घासतो, पण कोऱ्या कार्डाला गरज नसते. सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसलं की पुरे. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श कर. मग कार्ड सरळ दाबून बसव, स्लॉटच्या टोकाचा खटका टक् वाजला पाहिजे. स्वस्त कॅबिनेटांची मागची पट्टी जरा वाकडी असते आणि स्क्रू आवळला की कार्डाचं दुसरं टोक स्लॉटमधून वर उचललं जातं. स्क्रू न लावता एकदा चालू करून बघ, म्हणजे कळेल.

बोर्डावर स्पीकर नसेल तर पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत, छोटा पीसी स्पीकर मिळतो, तो पॅनल पिनांवर लाव. एक लांब आणि दोन-तीन लहान बीप आले तर बऱ्याच बायोसांत त्याचा अर्थ ग्राफिक्सची तक्रार असा असतो. तिथेच बोर्डाचा सीआर२०३२ सेलही घे, कारण तुझा मूळचा सेल एव्हाना संपलेला असण्याची शक्यता दाट आहे. तो संपला की बायोसच्या सेटिंग पॉवर गेल्यावर पुसल्या जातात, आणि मग तू आत्ता केलेली सगळी मेहनत उद्या सकाळी गायब.

आता दोन ठिकाणी जपून. यूईएफआयमध्ये सीएसएम नावाची, जुनी लेगसी पद्धत चालू देणारी सेटिंग असेल. नवी कार्डं कधी ती बंद केल्यावर चालतात, कधी चालू ठेवल्यावर, म्हणून दोन्ही करून बघावं. पण तुझं विंडोज लेगसीमध्ये बसवलेलं असेल आणि तू सीएसएम बंद केलंस, तर ‘बूट डिव्हाइस नाही’ असा संदेश येईल. घाबरून फॉरमॅट मारू नकोस. डेटा जागेवर आहे; सीएसएम पुन्हा चालू केलं की विंडोज परत येतं. कायमचं यूईएफआयवर जायचं असेल तर विंडोज १० मध्येच एमबीआरटूजीपीटी नावाची, त्यासाठी डिस्कची मांडणी बदलणारी सोय आहे, पण बॅकअप घेऊन. सेटिंग बदलून बोर्डाचाही डिस्प्ले गेला तर पॉवर केबल काढ, सेल काढून काही मिनिटं ठेव किंवा क्लिअर सीमॉसचा जंपर वापर. सगळं मूळपदावर येतं.

दुसरं, बायोस अपडेट. तुझ्या मॉडेलसाठी कंपनीच्या साइटवर शेवटचा बायोस असेल तर तो टाकणं योग्यच. पण बोर्डावर छापलेला रिव्हिजन नंबर जुळवून बघ, एकाच नावाच्या दोन रिव्हिजनांचे बायोस वेगळे असतात. आणि अपडेट यूपीएसवर कर. गुरुवारी तर करूच नकोस, महावितरणची दुरुस्ती आपल्याकडे बहुधा त्याच दिवशी निघते. बायोस अर्धवट लिहिला गेला तर मग मात्र दुकानदाराचं म्हणणं खरं ठरेल.

ड्रायव्हरबद्दल थोडक्यात, कारण हा टप्पा तुझ्या वाट्याला अजून आलेला नाही. लोगो दिसतो, विंडोजचे ठिपके फिरतात आणि मग काळं, किंवा ड्रायव्हर टाकताना काळं, तर सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या ड्रायव्हर साफ करणाऱ्या प्रोग्रामने जुने ड्रायव्हर काढ. लॅन आणि वायफाय बंद ठेव, नाहीतर विंडोज अपडेट मध्येच आपला ड्रायव्हर घुसवतं. मग एनव्हिडियाचा ड्रायव्हर हाताने टाक. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डासमोर ‘कोड ४३’ ही चूक आली तर कार्डाची वीज पुन्हा तपास. सेकंडहँड कार्डांत हा कोड क्रिप्टो मायनिंगसाठी बदललेल्या कार्डाच्या बायोसमुळेही येतो, शिवाय जुन्या चिपवर नवं नाव चढवलेली बनावट कार्डंही फिरतात. कार्ड दिसू लागलं की जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडून एकदा बघ. बनावट कार्ड असेल तर ते नावाआधीच तसं लिहून दाखवतं.

आणि समज सगळं सुरू झालं, पण गेम किंवा रेंडर लावलं की पीसी रिस्टार्ट होतो. धपकन बंद होऊन पुन्हा चालू होत असेल आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ एवढंच दिसत असेल, तर पुन्हा एसएमपीएस. पडदा काळा होतो पण आवाज चालू राहतो, किंवा डिस्प्ले ४१०१ ची नोंद आहे, तर कार्ड किंवा ड्रायव्हर. दोघांत फरक करायला एक फुकट युक्ती: एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट जितकी खाली येईल तितकी, शक्यतो ७० टक्क्यांच्या आसपास, उतरव. रिस्टार्ट थांबले तर दोष जवळजवळ निश्चित विजेच्या पुरवठ्याचा. उष्णताही बघ. आपल्या घरांतलं कॉम्प्युटर टेबल म्हणजे सीपीयूसाठी दार असलेला बंद कप्पा. एप्रिलमध्ये बाहेर चाळीसच्या आसपास तापमान असताना त्या कप्प्यात १३० वॅटचं कार्ड चालवणं म्हणजे प्रोसेसरलाही भाजणं. कॅबिनेट बाहेर काढ, झाकण उघडून अर्धा तास चालवून बघ. प्रोसेसरच्या पंख्याखालची पेस्ट एवढ्या वर्षांत वाळली असेल, तीही बदलून टाक. यूपीएस ६०० व्हीएचा असेल तर त्याची खरी ताकद बहुतेकदा ३६० वॅट असते, आणि त्यावर मॉनिटरही असतो. वीज जाताच पीसीही जात असेल तर कार्डाला दोष देऊ नकोस.

आता तू न विचारलेली, पण मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट. दुकानदार कार्ड बदलून द्यायला तयार असेल तर ३०५० चंच ६ जीबीवालं रूप बघ. २०२४ मध्ये आलेलं ते वेगळं कार्ड आहे: ८ जीबीपेक्षा थोडं हळू, पण गरज फक्त ७० वॅट, आणि बहुतेक मॉडेलांना वेगळी पॉवर वायर लागतच नाही. तुझ्या एसएमपीएसच्या निम्म्या चिंता तिथेच संपतात. बायोसची कटकट मात्र त्यालाही लागू, त्यामुळे वरची बोर्डाच्या डिस्प्लेवाली चाचणी आधी करूनच काय ते ठरव. आरएक्स ६४०० हे कार्डही कमी विजेत चालतं आणि स्वस्तही असतं, पण ते स्लॉटच्या चारच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं. एच६१ वर स्लॉट दुसऱ्या पिढीच्या वेगाने चालला तर चार लेनचे मिळून सेकंदाला फक्त २ जीबी. तुझं ३०५० आठ लेन वापरतं. जुन्या बोर्डावर मी चार लेनवालं कार्ड सुचवत नाही.

कंपन्यांच्या लीजमधून सुटलेले डेल, एचपी, लेनोव्होचे रिफर्बिश्ड डेस्कटॉप आपल्याकडे भरपूर विकले जातात. तुझ्या मित्रांपैकी कुणी तसल्या मशीनमध्ये हेच करू पाहत असेल तर त्याला आधी कॅबिनेट उघडायला सांग. त्यांतल्या बऱ्याच मॉडेलांचा एसएमपीएस आकाराने आणि पिनांनी वेगळा असतो. उदाहरणार्थ ऑप्टिप्लेक्स ९०२० च्या बोर्डाला नेहमीच्या चोवीसऐवजी आठ पिनांचा कनेक्टर आहे, त्यामुळे बाजारातला साधा एसएमपीएस थेट बसत नाही. तिथे बिनवायरीचं ७५ वॅटच्या आतलं कार्ड हाच शहाणा मार्ग, आणि छोटं कॅबिनेट असेल तर तेही बुटक्या पट्टीचं, म्हणजे लो-प्रोफाइल.

तुझ्या आय५-३४७० कडून फार अपेक्षा ठेवू नकोस. चार कोर, चार थ्रेड. नव्या गेममध्ये कार्ड निम्मं रिकामं बसेल आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर असेल. काही नवे गेम एव्हीएक्स२ (प्रोसेसरमधल्या सूचनांचा एक संच) मागतात, तो या पिढीत नाहीच, तिथे कार्ड कितीही चांगलं असो, गेम उघडणार नाही. ब्लेंडरमध्ये रेंडर करणार असशील तर मात्र कार्डाचा पुरेपूर फायदा मिळेल. ८ जीबी रॅम एकाच पट्टीत असेल तर दुसरी घाल, आणि विंडोज अजून हार्डडिस्कवर असेल तर कार्डाआधी एसएसडी घ्यायला हवा होता, असं मी तुला म्हटलं असतं.

आज संध्याकाळी क्रम असा ठेव: नम लॉक, मग टीव्ही, मग मोलेक्सची टोकं वेगळी करणं, मग बोर्डाच्या डिस्प्लेवर डिव्हाइस मॅनेजर. त्यात कार्ड दिसलंच नाही, तर बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत ते मित्राच्या नव्या पीसीत लावून बघ. तिथेही काळंच राहिलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढ आणि बिलासकट कार्ड परत ने. तिथे चाललं, तर एमएसइन्फोवरचं बोर्डाचं मॉडेल, बायोसची तारीख आणि एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो मला पाठव. कोणता बायोस टाकायचा ते बघून सांगतो.